मदत हवी आहे: हातातल्या सीबी रेडिओचा आवाज गाडीत बुडतो
मंडळी, डोंगरवाटांवर दोन गटांत बोलता यावं म्हणून ४ वॅटचे, ४० चॅनेलचे दोन सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे आपसांत बोलायचे) रेडिओ घेतलेत. माळावर बरे चालतात, पण गाडीत बसलं की आवाज पार बुडतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारा खटका) सैल केला की नुसती खरखर, जरा आवळला की भावाचं वाक्य मधेच तुटतं. मला अँटेनाचाच संशय आहे. २७ मेगाहर्ट्‌झची लहर ११ मीटरची, चांगल्या अँटेनाला लागणारा तिचा पाव भागही पावणेतीन मीटर भरतो, आणि इथे रबरी दांडी जेमतेम वीतभर! टपावर चुंबकाची अँटेना बसवून याच रेडिओला जोडली तर फरक पडेल का? आधी एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते याचं माप) तपासावाच लागतो का? गेल्या वेळी मागे राहिलेल्यांची हाक आम्हाला ऐकूच आली नाही. कोणी असं जोडलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.