दोर शाबूत राहिला, पण कप्पीची स्लिंग कशी तुटली?

प्रश्न:
आमची चौघांची तुकडी झाडे टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे काम करते. गेल्या आठवड्यात शेंडा काढून झाल्यावर उभ्या खोडाचा साधारण ४० सेंटिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका कापला. कप्पी कापाच्या खाली खोडालाच स्लिंगने, म्हणजे भार बांधण्याच्या जाड विणीच्या पट्ट्याने, बांधली होती आणि ओंडक्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक कप्पीवरून खाली आणून बोलार्डला (दोराला वेढे घालून भार रोखण्यासाठी बुंध्याला बसवलेल्या धातूच्या नळकांड्याला) पक्के बांधून ठेवले होते. ओंडका सुटला, दोर ताणला गेला आणि त्याच क्षणी स्लिंग तुटून कप्पीसह सगळे खाली आले. खाली कोणी उभे नव्हते म्हणून निभावले. दोराच्या चिठ्ठीवर तुटण्याचा भार ३००० किलो आणि स्लिंगच्या चिठ्ठीवर २००० किलो लिहिलेला होता. एवढ्याशा ओंडक्याने स्लिंग का तुटावी?

उत्तर १:
ओंडका ‘एवढासा’ नव्हता. तुम्ही दिलेल्या मापाचे घनफळ सुमारे ०.१२५ घनमीटर होते आणि ओल्या लाकडाचे वजन पुष्कळदा घनमीटरला ९०० ते १००० किलो भरते, म्हणजे ओंडका १२० किलोच्या आसपास असणार. तो दीड मीटर मोकळा पडला आणि दोर ताणून अर्ध्या मीटरात थांबला असे धरले, तर थांबवण्यासाठी लागणारा सरासरी ताण वजनाच्या चौपट, म्हणजे ४८० किलोइतका होतो. कमाल ताण क्षणभर त्याच्याही दुप्पट होऊ शकतो. शिवाय कप्पीवरून दोर वळून खाली येतो तेव्हा दोन्ही बाजूंचा ताण कप्पीच्या बांधणीवर एकत्र येतो, त्यामुळे दोराला जेवढे सोसावे लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट स्लिंगला सोसावे लागते. या जोडणीत स्लिंग दोरापेक्षा भक्कम हवी होती. तुमची कमजोर होती.

चिठ्ठीवरचा आकडा नव्या, सरळ ओढलेल्या वस्तूचा असतो. गाठीमुळे दोराची ताकद एक तृतीयांशाने घटणे नवलाचे नाही आणि फास घालून आवळलेली स्लिंगही आपल्या पूर्ण ताकदीची राहत नाही. म्हणूनच या कामात तुटण्याच्या भाराच्या एक दशांशापर्यंतच भार घेण्याचा प्रघात आहे.

उत्तर २:
हिशेब पटला, पण माझ्या मते मूळ चूक बोलार्डला दोर पक्का बांधण्याची आहे. दोन-तीन वेढे घालून खालच्या माणसाने दोर सरकू दिला असता आणि ओंडका दोन मीटरांत हळूहळू थांबवला असता, तर वरच्याच हिशेबाने सरासरी ताण वजनाच्या पावणेदोन पटीवर, सुमारे २१० किलोवर आला असता. हे काम अनुभवी हाताचे आहे. दोर हाताला गुंडाळून धरणारा माणूस मी त्या जागी उभाही करणार नाही. खाली जागा नसेल, तर ओंडकाच अर्धा कापावा, कारण त्याने वजन घटते आणि पडण्याचे अंतरही.

उत्तर ३:
वर कोण होते आणि ते कशाला बांधलेले होते, हे कोणीच विचारले नाही. चेनसॉ चालवताना चढणाऱ्याला दोन स्वतंत्र बांधण्या हव्यात, त्यांपैकी एक पोलादी गाभ्याची असावी, आणि दोन्ही भार उतरवण्याच्या साधनांपासून पूर्ण वेगळ्या असाव्यात. ओंडक्याचा झटका खाल्लेले कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) माणसाच्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्याला, पुन्हा लावू नये. आम्ही भाराच्या साधनांना लाल पट्टी मारून ती वेगळ्या पोत्यात ठेवतो.

प्रश्नकर्ता:
वर चढलेला मीच होतो. माझी बांधणी स्लिंगच्या खाली आणि वेगळी होती, पण दुसरी नव्हती. तुमची उत्तरे वाचून तुटलेली स्लिंग पुन्हा काढून पाहिली: तुटलेल्या जागी तंतू नुसते विसकटलेले नाहीत, तर सुमारे बोटभर भाग वितळून कडक आणि चकचकीत झालेला आहे. मागच्या एका कामात कप्पी कमी पडली म्हणून आम्ही दोर थेट याच स्लिंगमधून ओढला होता. धावत्या दोराने तेव्हाच ती भाजली असणार, आणि काम सुरू करण्यापूर्वी मी ती हातातून फिरवून पाहिली नव्हती.