धंद्यासाठी सहा आणि घरासाठी एक: विजेवरचे पिकअप ट्रक घ्यावेत का?

ओहायोकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

सिनसिनाटीजवळ घरोघरच्या एसी आणि फर्नेसची (घर तापवणाऱ्या यंत्रांची) बसवणी व दुरुस्ती करण्याचा आमचा व्यवसाय आहे. आमच्याकडे पेट्रोलवर चालणारे सहा पिकअप ट्रक आहेत. त्यांतले बहुतेक दीड लाख मैलांच्या पुढे गेले असल्यामुळे येत्या वर्षभरात ते टप्प्याटप्प्याने बदलावे लागणार आहेत. निम्मी कामे शहरात असतात आणि उरलेली नदीपलीकडे केंटकीत, कव्हिंग्टनपासून फ्लोरेन्सपर्यंत पसरलेली आहेत. चार तंत्रज्ञ ट्रक रात्री स्वतःच्या घरी नेतात, तर दोन ट्रक आमच्या गोदामात उभे असतात.

याच सुमारास माझी घरची गाडीही बदलायची आहे. ती पिकअपच असावी असा घरच्यांचा आग्रह आहे, कारण उन्हाळ्यात आम्ही कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन स्मोकी पर्वतात जातो. सातही गाड्या एकाच कंपनीच्या घेतल्या तर सोयीचे होईल असे मला वाटत होते. परंतु रॅम कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण विजेवरच्या पिकअपचा बेत सोडला, आणि डिसेंबरमध्ये फोर्डने पूर्ण विजेवरच्या एफ-१५० लाइटनिंगचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढची लाइटनिंग बॅटरी भरणारे पेट्रोलचे जनित्र सोबत घेऊन येणार आहे. त्यामुळे या घडीला विजेवरचा ट्रक घेणे शहाणपणाचे आहे का, आणि धंद्यासाठी व घरासाठी एकच निकष लावता येतो का, याविषयी प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिशिगनमुक्कामी

माझ्याकडे तीन वर्षांपासून मोठ्या बॅटरीची लाइटनिंग आहे आणि ती निव्वळ घरगुती वापरासाठी आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या उत्तरार्धाविषयीच मला अधिकाराने बोलता येईल.

रोजच्या वापराला या गाडीची तोड नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. संध्याकाळी गॅरेजमध्ये वायर लावायची आणि सकाळी भरलेली गाडी घेऊन निघायचे, एवढाच नेम आहे. जानेवारीच्या थंडीत निघण्यापूर्वी अर्धा तास ती वायर लावलेली असतानाच आतून तापवून घेतो. म्हणजे ती ऊब भिंतीतल्या विजेची असते आणि बॅटरी भरलेलीच राहते. हे केले नाही तर थंडीचा फटका स्पष्ट जाणवतो. एकदा भरल्यावरचा कागदावरचा ३२० मैलांचा पल्ला कडाक्याच्या दिवसांत दोनशे तीस-चाळीसच्या आसपास येतो. जुनी लाइटनिंग पाहत असाल तर २०२४ पासूनच्या गाड्यांमध्ये हीट पंप (कमी विजेत गाडी आतून तापवणारी यंत्रणा) आहे हे लक्षात ठेवा. आपल्याकडच्या हिवाळ्यात त्याचा उपयोग होतो.

मागच्या वर्षी वादळात आमच्या भागातली वीज गेली, तेव्हा हौद्यातल्या प्लगवरून फ्रिज, फर्नेसचा पंखा आणि तळघरातला पाणी उपसण्याचा पंप चालवला. ९.६ किलोवॅटची सोय असलेल्या गाडीला हे जड जात नाही. वेगळी जोडणी करून घेतली तर मोठी बॅटरी पूर्ण घर सुमारे तीन दिवस चालवू शकते, असा फोर्डचा हिशेब आहे. त्यात घराचा रोजचा वापर ३० किलोवॅट-तास धरला आहे.

आता ट्रेलरविषयी. ट्रेलर ओढण्याची पूर्ण सोय घेतलेली मोठ्या बॅटरीची लाइटनिंग १०,००० पौंडांपर्यंत ओढू शकते आणि ताकदीच्या बाबतीत कसलीही कुरकुर नसते, पण उंच पेटीसारखा कॅम्पिंगचा ट्रेलर मागे लावला की कोणत्याही कंपनीच्या विजेवरच्या ट्रकचा पल्ला साधारण निम्म्यावर येतो, कारण महामार्गाच्या वेगात त्या पेटीवर आदळणारा वारा ट्रेलरच्या वजनापेक्षा जास्त ऊर्जा खातो. स्मोकीच्या प्रवासात तुम्हाला जाताना किमान दोनदा थांबावे लागेल. शिवाय बहुतेक चार्जिंगच्या जागा अशा आखलेल्या असतात की ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी आत लागत नाही. गेल्या जुलैत भर पावसात, मुले गाडीत झोपलेली असताना, मी एका दुकानाच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात ट्रेलर सोडून, चाकांखाली ठोकळे लावून, मग चार्जरकडे गेलो आहे. वर्षातून एक-दोनदा हे करायची तयारी असेल तर गाडी जरूर घ्या. महिन्यातून दोनदा जात असाल तर घरची गाडी तूर्त पेट्रोलचीच ठेवा, असे मी स्वतःच्या भावालाही सांगेन.

ताफ्याचा कारभारी

मी शिकागोच्या परिसरात एका देखभाल कंपनीच्या गाड्यांचे व्यवस्थापन पाहतो. आमच्या ताफ्यात पेट्रोलचे, डिझेलचे आणि विजेचे असे तिन्ही प्रकारचे ट्रक आहेत. धंद्याच्या गाडीबाबत सगळे जण पहिला प्रश्न पल्ल्याचा विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न गाडी रात्री कुठे उभी राहते हा आहे.

गोदामात राहणाऱ्या गाड्यांचे गणित सोपे आहे, पण ते नीट मांडावे लागते. तुमचे सहाही ट्रक गोदामातच उभे राहतात आणि दिवसाला सरासरी ५५ मैल फिरतात असे समजा. हे ट्रक एका किलोवॅट-तासात साधारण दोन मैल जातात, म्हणजे एका गाडीला रोज सत्तावीस-अठ्ठावीस आणि सहा गाड्यांना मिळून सुमारे १६५ किलोवॅट-तास वीज लागेल. रात्रीचे दहा तास हाताशी असतील तर भार फक्त साडेसोळा किलोवॅटचा झाला. चार्जिंगमधली थोडी गळती धरली तरी अठराच्या पुढे जात नाही. पण सहा जणांनी संध्याकाळी पाचला एकदम वायरी लावल्या आणि प्रत्येक चार्जर ११.५ किलोवॅट ओढू लागला, तर तो भार ६९ किलोवॅटवर जातो. व्यावसायिक मीटरच्या बिलात बहुधा एकूण युनिटांखेरीज महिन्यातल्या सर्वोच्च मागणीचा वेगळा आकार असतो. म्हणजे एका संध्याकाळच्या गडबडीची किंमत महिनाभर मोजावी लागते. आम्हाला एका कंत्राटदाराने सुरुवातीला जलद चार्जर आणि नवा ट्रान्सफॉर्मर घ्यायला सांगितले होते, आणि मी हा साधा गुणाकार करून पाहीपर्यंत आमचे मालक सही करायच्या बेतात होते. शेवटी भार वाटून देणारे साधे चार्जर घेतले आणि आहे त्याच जोडणीवर काम भागले.

तंत्रज्ञांच्या घरी राहणाऱ्या गाड्या हा मात्र अवघड भाग आहे. चौघांपैकी कुणी भाड्याच्या सदनिकेत राहत असेल आणि गाडी रस्त्यावर लावत असेल, तर त्याला विजेवरचा ट्रक देऊ नका. तो रोज सकाळी सार्वजनिक चार्जर शोधेल, त्याचा तासाचा पगार तुम्ही भराल, आणि जलद चार्जिंगचा दर घरच्या विजेच्या दुप्पट-तिप्पट असल्यामुळे इंधनातली बचतही निघून जाईल. ज्याच्याकडे स्वतःचे गॅरेज आहे त्याच्या घरी चार्जर कंपनीच्या खर्चाने बसवावा आणि गाडीच्या नोंदीनुसार युनिटांचे पैसे दरमहा द्यावेत. तो चार्जर नोकरी सोडल्यावर कुणाचा, हे आधीच लिहून ठेवावे. आमच्याकडे ते लिहिलेले नव्हते आणि विनाकारण कटुता आली.

तुमच्या कामाला या गाड्यांचा एक खास फायदा आहे. एसीतला रेफ्रिजरंट (थंडावा देणारा वायू) काढून घेणारे यंत्र आणि व्हॅक्यूम पंप हौद्यातल्या प्लगवर तासन्‌तास चालतात. वीज नसलेल्या नव्या बांधकामावर जनित्र उतरवायला नको, त्याचा आवाज नको आणि पेट्रोलचा डबाही नको. इंजिन नसल्यामुळे लाइटनिंगच्या बॉनेटखाली जी मोठी कुलूपबंद पेटी मिळते, तिच्यात आमची माणसे मीटर, गेज आणि महागडी हत्यारे ठेवतात आणि ती कोरडी राहतात. छतावर शिड्या बांधल्या की महामार्गावरचा पल्ला कमी होतो, हे मात्र गृहीत धरा.

सिल्व्हेराडोवाला

वरच्या दोघांनी लाइटनिंगचेच सांगितले, म्हणून दुसरी बाजू थोडक्यात मांडतो. शेवरोले सिल्व्हेराडो ईव्ही या विजेवरच्या पिकअपची कामासाठीची आवृत्ती मुळात ताफ्यांसाठीच प्रथम बाजारात आली. तिचा अधिकृत पल्ला सुरुवातीला ४५० मैल होता आणि आता सर्वांत मोठ्या बॅटरीत तो ४९० मैलांच्या थोडा वर आहे. योग्य ठिकाणी ती ३५० किलोवॅटपर्यंतच्या वेगाने भरते, तर लाइटनिंग सुमारे दीडशेवर थांबते. ट्रेलर लावून पल्ला निम्मा झाला तरी हातात सव्वादोनशे मैल उरतात, हा मोठा फरक आहे. मी जड ट्रेलर घेऊन इंडियानातून नियमित फिरतो आणि माझ्या कामाला दुसरी गाडी पुरली नसती.

याची किंमत वजनात मोजावी लागते. रिकामी गाडीच सुमारे साडेआठ हजार पौंडांची आहे. शहरात पन्नास मैल फिरणाऱ्या तंत्रज्ञाला एवढी बॅटरी देणे म्हणजे रोज न लागणारे ओझे वाहणे आहे. त्यामुळे तुमच्या सहांपैकी जे ट्रक ट्रेलर ओढतात त्यांनाच ती द्यावी, असे मला वाटते. तुम्ही राज्याची हद्द ओलांडून केंटकीत काम करता, म्हणून आणखी एक गोष्ट तपासा. धंद्याच्या गाडीचा, किंवा गाडी आणि ट्रेलर मिळून, नोंदवलेला एकूण भार १०,००१ पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक (डॉट क्रमांक) आणि त्यासोबतचे नियम लागू होतात. विजेवरच्या जड ट्रकमुळे ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. चालकाच्या दाराच्या चौकटीवरची पाटी वाचल्याशिवाय खरेदी करू नका.

रिव्हियनची आर-वन-टी चालवायला अप्रतिम आहे, परंतु तिचा हौदा साडेचार फुटांचा आहे आणि डक्टचे (हवा खेळवणाऱ्या नळांचे) पत्रे नेणाऱ्या माणसाला तो पुरणार नाही. ती घरासाठी विचारात घ्या. टेस्लाच्या सायबरट्रकचा हौदा सहा फुटांचा असला तरी त्याच्या बाजू उतरत्या असल्यामुळे नेहमीच्या शिडीच्या चौकटी आणि हत्यारपेट्या त्यावर बसत नाहीत.

हिशेबनीस, न्यू जर्सी

कराची बाजू सांगतो, कारण अजूनही बरेच जण जुन्या माहितीवर खरेदी करायला निघतात. विजेवरच्या गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना मिळत नाही. घरगुती, व्यावसायिक आणि जुन्या गाडीची अशा तिन्ही सवलती त्याच दिवशी संपल्या. चार्जर बसवण्यावरची सवलत ३० जून २०२६ पर्यंत कार्यान्वित झालेल्या चार्जरांनाच आहे, तीही ठरावीक जनगणना विभागांतच. त्यामुळे गोदामाचा आणि तंत्रज्ञांच्या घरांचा विभाग आधी पाहून घ्या.

धंद्याच्या गाडीला उरलेला मोठा आधार घसाऱ्याचा आहे. १९ जानेवारी २०२५ नंतर खरेदी केलेल्या पात्र मालमत्तेवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा पुन्हा घेता येतो, आणि ६,००० पौंडांहून अधिक एकूण भाराच्या ट्रकला आलिशान मोटारींच्या घसाऱ्यावरची मर्यादा लागत नाही. हे सगळे विजेवरचे पिकअप त्या वजनाच्या पुष्कळ वर आहेत. मात्र हा लाभ पेट्रोलच्या तेवढ्याच जड ट्रकलाही मिळतो, म्हणून केवळ करासाठी वीज निवडण्याचे कारण उरलेले नाही. घरची गाडी कंपनीच्या नावावर दाखवण्याचा मोह तर टाळाच. धंद्याचा वापर निम्म्याहून अधिक आहे हे मैलांच्या नोंदवहीने सिद्ध करता आले नाही, तर घेतलेला घसारा पुढे परत करावा लागतो. मी असे दोन ग्राहक पाहिले आहेत आणि दोघांनाही फार मनस्ताप झाला. ओहायोत विजेवरच्या गाडीला वार्षिक नोंदणीवर २०० डॉलर जादा द्यावे लागतात, तेही गाडीमागे धरा.

ताफ्याचा कारभारी

उत्पादन थांबल्याच्या भीतीविषयी बोलायचे राहिले. विजेवरचे पिकअप बनवणारी लॉर्ड्सटाउनसारखी नवी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या मोजक्या ट्रकमालकांना वाली उरला नाही. फोर्डचे तसे नाही. कंपनी जागेवर आहे, बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,००,००० मैल कायम आहे, आणि काचा, दिवे, दरवाजे असे पुष्कळ भाग नेहमीच्या एफ-१५० शी मिळतेजुळते आहेत. फेरविक्रीचा भाव मात्र पडलेलाच आहे. नव्या गाडीच्या मालकाला तो तोटा आहे, आणि दोन-तीन वर्षांची जुनी गाडी घेऊन झिजेपर्यंत वापरणाऱ्या तुमच्यासारख्याला तो फायदा आहे. गाडी घेण्याआधी तुमच्या जवळच्या विक्रेत्याकडे उच्च दाबाच्या बॅटरीचे काम येणारे किती कारागीर आहेत हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. एकच असेल आणि तो रजेवर गेला, तर तुमचा ट्रक उभा राहील.

ओहायोकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी सहाही ट्रकच्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढून बसलो. चार ट्रक एकाही दिवशी ९० मैलांच्या पुढे गेलेले नाहीत. उरलेले दोन डक्टचा ट्रेलर ओढतात आणि त्यांचे आठवड्यातून एक-दोन दिवस दीडशेच्या पुढे जातात. त्या चारांपैकी दोघे तंत्रज्ञ स्वतःच्या घरात राहतात, एक जण सदनिकेत आहे, आणि चौथा ट्रक गोदामात असतो.

म्हणून यंदा तीनच जुन्या लाइटनिंग पाहायच्या, शक्यतो २०२४ च्या आणि हौद्यातल्या जादा प्लगांसह, असे ठरवले आहे. सदनिकेत राहणाऱ्या तंत्रज्ञाचा ट्रक पेट्रोलचाच राहील. ट्रेलरवाल्या दोन ट्रकचा निर्णय हा हिवाळा पाहून घेईन, आणि डॉट क्रमांकाविषयी उद्याच चौकशी करतो, कारण आत्ताच्या ट्रकला तो ट्रेलर जोडल्यावर आम्ही मर्यादेच्या किती जवळ आहोत हे मी आजवर पाहिलेच नव्हते. घरच्या गाडीविषयी पावसातल्या ट्रेलरचा प्रसंग मी पत्नीला वाचून दाखवला. आम्ही वर्षातून तीनदाच जातो, तेव्हा ठोकळे लावायला ती उतरेल असे तिने कबूल केले आहे. गोदामाची वीजजोडणी २०० अँपिअरची आहे. गुरुवारी वायरमन येतो आहे, त्याच्यासमोर तो साडेसोळा किलोवॅटचा गुणाकार गोदामात राहणाऱ्या गाड्यांपुरता पुन्हा करून घेतो.