ग्लॉकची मूठ: हाताला खुपते, पण नेम राखते

तिरका नेम

ग्लॉक पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतल्यावर बहुतेकजण मूठ दोन-तीनदा आवळून बघतात आणि म्हणतात, ‘ही तर नुसती वीट आहे.’ मीही तेच म्हणालो होतो. इतकी वर्षं ग्लॉक १९ चालवल्यावर माझं मत पार पालटलंय. ही मूठ हाताला गोड लागावी म्हणून बनवलेलीच नाही. गोळी सुटल्यावर पिस्तूल चटकन जागेवर यावं म्हणून ती तशी आहे, आणि ते काम ती चोख करते.

ज्यांना या पिस्तुलाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅस्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियाचा कारखानदार. पडद्यांच्या दांड्या, पुढे लष्करासाठी सुऱ्या, असा त्याचा धंदा. पिस्तूल त्याने कधी बनवलं नव्हतं. लष्कराला नवं पिस्तूल हवंय हे कळल्यावर तो त्यात उतरला आणि १९८२ मध्ये त्याचं ग्लॉक १७ ऑस्ट्रियन लष्कराने पी८० या नावाने स्वीकारलं. नावातला १७ हा त्याच्या सतराव्या पेटंटचा आकडा. मॅगझिनमध्येही, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीत, १७ गोळ्या मावतात हा योगायोग. १९८८ मध्ये त्याचं आखूड भावंड ग्लॉक १९ आलं. १५ गोळ्या, १०२ मिमी नळी, रिकामं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास.

आता वादाचं मूळ, म्हणजे कोन. पिस्तुलाची मूठ नळीशी काटकोनात नसते, थोडी मागे झुकलेली असते. ‘१९११’ नावाच्या जुन्या अमेरिकन पिस्तुलात हा झुकाव सुमारे १८ अंश, ग्लॉकमध्ये सुमारे २२. म्हणून १९११ ची सवय असलेला माणूस ग्लॉक उचलतो तेव्हा नळीचं नाक वर जातं. ते खाली आणायला मनगट जरा पुढे झुकवावं लागतं आणि लोकांची तक्रार नेमकी इथेच असते.

पण एक करून बघा. पिस्तूल नको, नुसता हात पुरे. हात समोर लांब करा, मूठ वळा, मनगट सहज ठेवा आणि कुणाला तरी मूठ खालून वर ढकलायला सांगा. मनगट लगेच मागे दुमडेल. आता तीच मूठ दार ठोठावताना शेवटी जशी पुढे झुकते तशी झुकवा, अंगठ्याकडची शीर ताणली जाईपर्यंत, आणि पुन्हा ढकलायला सांगा. हात कोपरापासून उचलला जाईल, मनगट हलणार नाही. ग्लॉकचा कोन तुम्हाला या दुसऱ्या स्थितीत आणून ठेवतो. झटका मनगटात न मुरता पूर्ण हातावर जातो आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण, होती तिथे परत दिसते.

शिवाय तळहात नळीच्या बराच जवळ बसतो. नळीची रेषा हातापासून जितकी उंच, तितकं पिस्तूल उसळी घेतं. ग्लॉकमध्ये ती खाली आहे.

पोलादप्रेमी

असहमत, आणि अगदी मुळापासून.

हत्यार असं हवं की बोट दाखवलं तिथे नळी गेली पाहिजे. जॉन ब्राउनिंगने रचलेल्या १९११ पिस्तुलात हे होतं. अमेरिकन लष्कराने ते १९११ साली घेतलं आणि १९८५ मध्ये बेरेटा पिस्तूल येईपर्यंत ते मुख्य पिस्तूल म्हणून टिकलं. डोळे मिटून हात उचला, उघडा, साइट सरळ रेषेत असते. घाईच्या क्षणी साइट शोधायला वेळ नसतो, तेव्हा चार अंश म्हणजे फार मोठी चूक.

मनगट ‘लॉक’ होण्याचं श्रेय पिस्तुलाला देऊ नका. ते शिकवणीचं काम आहे. सरळ मनगट, त्याच्या मागे हाताची दोन हाडं एका ओळीत, दुसऱ्या हाताचा भक्कम दाब: एवढं केलं की १९११ ही तितकंच स्थिर राहतं. वर त्याचं पोलादी वजन, सुमारे १.१ किलो, झटका गिळून टाकतं. सात गोळ्या एकाच ओळीत रचलेलं एकेरी मॅगझिन म्हणून मूठ पातळ. बोटं तिच्याभोवती पूर्ण वळतात.

आणि ग्लॉकच्या मुठीच्या मागच्या खालच्या बाजूचा फुगवटा! तो तळहाताच्या खळग्यात बसायला हवा होता. माझ्या हातात तो खाली मनगटाच्या गादीवर टेकतो. वीट म्हणणारे चुकत नाहीत.

तिरका नेम

पोलादप्रेमी, फुगवट्याचं तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. १९२० च्या दशकात अमेरिकन लष्कराने १९११ पिस्तुलात बदल केले आणि त्याला एम१९११ए१ म्हटलं. त्यातला एक बदल म्हणजे मुठीच्या पाठीवर बसवलेला कमानदार फुगवटा, कारण सपाट पाठ असताना सैनिकांची नळी खाली झुकायची. तुमच्याच पिस्तुलाचा नैसर्गिक नेम तेव्हा सगळ्यांना नैसर्गिक वाटला नव्हता आणि उपाय म्हणून ग्लॉकच्या दिशेनेच पाऊल पडलं होतं.

‘बोट दाखवलं तिथे नळी’ हे जन्मजात नसतं, आधी जे पिस्तूल चालवलं त्याची ती सवय असते. ज्याने पहिलंच ग्लॉक उचललं त्याला १९११ चं नाक खाली गेल्यासारखं वाटतं. मी असे नवशिके पाहिले आहेत.

पोलादप्रेमी

इतिहास बरोबर आहे, पण पुढचं पान सोडलंत. नंतर नेमबाजांनी स्वतःहून सपाट पाठ परत आणली आणि आजच्या बहुतेक १९११ वर तीच दिसते. मुख्य म्हणजे ती पाठ हा वेगळा भाग आहे. एक पिन काढा, कमानदार घाला, नाहीतर सपाट घाला. ग्लॉकचा फुगवटा पॉलिमरच्या, म्हणजे कणखर प्लास्टिकच्या, साच्यातच ओतलेला. तुमच्या हाताला नाही जमला तर तुम्ही काय करणार, हात बदलणार?

सवयीचा मुद्दा मात्र मी पूर्ण नाकारत नाही.

तर्जनी

तुम्ही दोघंही कोनावर भांडताय. माझं गाऱ्हाणं दुसरं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का?

माझे हात लहान आहेत. मी शिकले ते तिसऱ्या पिढीच्या (ग्लॉकच्या सुधारित आवृत्त्यांना पिढ्या म्हणतात) ग्लॉक १७ वर. मूठ नीट धरायची म्हणजे पिस्तुलाची पाठ अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात हवी, नळी हाताच्या हाडांच्या रेषेत. तसं धरलं की माझ्या तर्जनीचं फक्त टोक ट्रिगरला लागायचं. टोकाने दाबलं की ट्रिगर सरळ मागे येत नाही, कडेला ढकलला जातो, आणि माझ्या गोळ्या मध्यापासून डावीकडे पडायच्या. बोट पुरं बसवायला हात फिरवून घेतला तर पाठ बेचक्यातून सरकून अंगठ्याच्या सांध्यावर यायची. मग प्रत्येक झटका थेट त्या सांध्यात. पन्नास गोळ्यांनंतर अंगठा दुखायचा आणि शंभरीला मी गोळी सुटायच्या आधीच दचकायला लागायचे. तेव्हा मला सांगितलं गेलं की तुझी पकड कच्ची आहे.

त्यातच पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा. त्या खाचा ज्या हाताच्या मापाने कोरल्या तो हात माझा नव्हता. दोन खाचांमधला उंचवटा बरोबर माझ्या मधल्या बोटाखाली यायचा. ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, खालच्या कडेने त्याच बोटाच्या पेरावर घट्टा पडायचा, तो वेगळाच.

तिरका नेम, तुम्ही म्हणता मूठ हाताला आवडण्यासाठी नाही. मान्य. पण लहान हाताच्या माणसाला ती नेमही राखू देत नव्हती. एम१९११ए१ चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच बदलात ट्रिगर आखूड केला होता आणि ट्रिगरच्या मागे फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला, दोन्हीकडे खाचा दिल्या होत्या, बोट सहज पोचावं म्हणून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न ओळखून सोडवला गेला होता. ग्लॉकने त्यावर उत्तर दिलं २०१० मध्ये, चौथ्या पिढीत. मूळ फ्रेम थोडी बारीक केली आणि पाठीमागे लावायच्या पट्ट्या दिल्या. एक पट्टी २ मिमी अंतर वाढवते, दुसरी ४. यातली २ मिमीची, म्हणजे मधल्या मापाची, पट्टी लावली की जुन्या तिसऱ्या पिढीचं माप येतं. म्हणजे इतकी वर्षं मधलं माप हेच सगळ्यांचं माप मानलं गेलं. जर्मन कंपनी वॉल्थरने पी९९ पिस्तुलात बदलता येणाऱ्या पट्ट्या १९९० च्या दशकातच दिल्या होत्या.

डावखुरा

तर्जनीताई, पूर्ण सहमत. थोडं आमच्या बाजूचंही. डाव्या हाताने चालवणाऱ्याला मॅगझिन सोडायचं बटण चौथ्या पिढीपासून दुसऱ्या बाजूला बसवता येऊ लागलं, आणि स्लाइडचा, म्हणजे वरच्या सरकत्या भागाचा, खटका दोन्हीकडे आला तो २०१७ च्या पाचव्या पिढीत. त्याच पिढीत बोटांच्या खाचाही गेल्या. चांगल्या होत्या तर काढल्या कशाला?

बाकी कोनाचा मला कधी त्रास झाला नाही.

सुटे भाग

मी पिस्तुलं दुरुस्त करतो, त्यामुळे माझा कल वेगळा असणार.

माझ्या मते ग्लॉक मुठीमुळे लोकप्रिय झालंच नाही. ते खपलं कारण आत पस्तिसच्या आसपास भाग आहेत आणि बहुतेक भाग हाताने घासूनपुसून न जुळवता बदलता येतात. कारण बाहेर अंगठ्याने दाबायची सेफ्टी नाही. ट्रिगरमधली कळ, फायरिंग पिनची (गोळीवर आदळणाऱ्या सुईची) अडवणूक आणि पडल्यावर न सुटण्याची सोय, तिन्ही आपोआप काम करतात. कारण पहिली गोळी आणि पंधरावी गोळी एकाच ओढीने सुटते, सुमारे अडीच किलोच्या. अमेरिकेतली पोलीस खाती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिव्हॉल्व्हर सोडून याच्याकडे वळली त्यात हा साधेपणा मोठा होता. हजारो जणांना थोड्या वेळात शिकवायचं असेल तर जितक्या कळा कमी तितकं बरं.

पॉलिमरची कल्पनाही त्याची पहिली नव्हे. जर्मन कंपनी हेक्लर अँड कोखचं व्हीपी७० पिस्तूल १९७० मध्येच पॉलिमर फ्रेमचं होतं. ते फारसं चाललं नाही, त्याचा ट्रिगर फार जड होता.

आणि मूठ खरंच इतकी उत्तम असती तर माझ्याकडे घासलेल्या, खडबडीत केलेल्या, फुगवटा कापलेल्या इतक्या फ्रेम आल्या नसत्या. बाहेरच्या कारखान्यांनी तर १९११ सारखा कोन असलेल्या फ्रेमही विकल्या. घेणारे होते म्हणूनच ना?

विषय निघालाच आहे तर एक कळकळीने सांगतो. ग्लॉक उघडण्याआधी ट्रिगर ओढावा लागतो. मॅगझिन काढा, स्लाइड मागे खेचा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातली गोळीची जागा, डोळ्यांनी बघा, मग बोट आत घालून चाचपा. मूठ आवडो न आवडो, हे चुकवू नका.

तिरका नेम

सुटे भाग, शेवटच्या परिच्छेदाबद्दल मनापासून आभार.

लोकप्रियतेचं तुमचं म्हणणं मला पटतं. मूठ बघून कुणी ग्लॉक घेतलं नसेल. माझा दावा एवढाच की ती मूठ त्याच्या आड आली नाही.

आता सीझेड ७५ बघा. १९७५ चं चेकोस्लोव्हाक पिस्तूल. हातात घेतलं की त्याच्यासारखं सुख नाही, मीही मानतो; पाठीचा बाक तळहातात अलगद उतरतो. पण तो बाक ज्याच्या तळहाताला जुळला त्याचंच ते सुख. मुठीला जितके वळणदार आकार, तितकी ती एका ठरावीक हाताची. सपाट बाजू कुणाचेच लाड करत नाहीत. तळहात दोन्हीकडून दाबायला सलग जागा मिळते, आणि नेम त्या दाबावर उभा असतो.

तर्जनी, तुमच्या मुद्द्यापुढे मात्र मी हार मानतो. माझे हात मोठे आहेत आणि बोट पोचत नाही म्हणजे काय हे मला कधी अनुभवावंच लागलं नाही. तुम्हाला ‘पकड कच्ची’ म्हणणाऱ्यांसारखंच मीही एक-दोघांना सांगितलं आहे, हे वाचताना आठवलं. पाचवी पिढी पट्टी न लावता चालवून पाहिलीत का?

पोलादप्रेमी

ट्रिगरचा मुद्दा मान्य केलात, बरं वाटलं. पण सपाट बाजूंचं समर्थन पटलं नाही. हाताला धरून राहायला काहीतरी लागतं. घामेजल्या तळव्यात तुमची ती सलग जागा घसरते, म्हणूनच तर लोक ती खडबडीत करून घेतात.

तर्जनी

हो, चालवली. मागच्या महिन्यात एकाने त्याची पाचव्या पिढीची ग्लॉक १९ दिली, पट्टी काढून. पाठ बेचक्यात बसली आणि तर्जनीचं पेर ट्रिगरवर नीट आलं. दोनशे गोळ्या झाल्या, अंगठा दुखला नाही. डावीकडे पडणाऱ्या गोळ्या मध्याला आल्या. दचकणं एका दिवसात जात नाही, पण कमी झालंय.

कोन मात्र तोच आहे. घरी चेंबर दोनदा तपासून, रिकामं पिस्तूल धरून डोळे मिटून हात लांब केला. दहा वेळा केलं, दहाही वेळा डोळे उघडल्यावर फ्रंट साइट मागच्या खाचेच्या वर दिसली. दार ठोठावल्यासारखं मनगट झुकवलं की खाली येते, तिरका नेम, तेवढं तुमचं खरं आहे. पण झुकवायचं मला अजून दर वेळी आठवावं लागतं.