दोन वेगळी एल रांचो

लास व्हेगासमधल्या ‘एल रांचो व्हेगास’ या जुन्या हॉटेल-कॅसिनोच्या चर्चेत २००० साली स्फोटाने पाडलेल्या इमारतीचे फोटो त्याचे म्हणून आले आहेत. ती इमारत म्हणजे १९४८चे थंडरबर्ड हॉटेल. १९८२मध्ये त्याला एल रांचो हे नाव मिळाले. आज तिथे फाँतेनब्लो हे हॉटेल उभे आहे.

मूळ एल रांचो व्हेगास हायवे ९१च्या, म्हणजे आजच्या स्ट्रिपच्या (हॉटेल-कॅसिनोंनी भरलेल्या रस्त्याच्या) पश्चिमेला होते. हॉटेल व्यावसायिक थॉमस हल यांनी ते ३ एप्रिल १९४१ला उघडले. जागा मुद्दाम शहरहद्दीच्या अगदी बाहेरची, म्हणजे शहराचा कर नाही. वास्तुरचनाकार वेन मॅकॅलिस्टर यांनी कॅसिनो आणि जेवणघर मधल्या इमारतीत ठेवले, खोल्या सुट्या बंगल्यांत विखुरल्या, आणि गाडी थेट दाराशी लावायची सोय केली. मोटारवाल्यांसाठी केलेली ही मांडणी फार विचारपूर्वक होती, आणि पुढच्या स्ट्रिपचा पाया तिनेच घातला.

१७ जून १९६०च्या पहाटे मुख्य इमारत जळाली. बंगले सुटे असल्याने वाचले, पण कमाईचा कॅसिनोच गेला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. १९७०मध्ये जमीन उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेस यांनी घेतली.

जुने पोस्टकार्ड ओळखायचे तर छपरावरचा निऑनचा पवनचक्की-मनोरा बघा. तो असेल तर चित्र १९६०च्या आगीपूर्वीचे आणि मूळ जागेचेच.