'ॲब्झॉर्प्शन एज'मधल्या 'एज'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर: कॉलेजच्या अंकासाठी लेख लिहितेय. मातीतलं क्रोमिअम विषारी क्रोमिअम-६ आहे की त्या मानाने निरुपद्रवी क्रोमिअम-३, हे सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी कसं ओळखतात, असा विषय. 'एज'पाशी अडलेय. कड, काठ, किनार, धार यांपैकी काय घेऊ? 'शोषणधार' लिहिलं तर आईला वाटलं पावसाबद्दल आहे.

मीठबंदर: आईचं बरोबर आहे, धार नको. आलेख बघ. क्ष-किरणांची ऊर्जा वाढवत नेली की शोषण हळूहळू उतरत जातं. मग अणूच्या सगळ्यात आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा झाली की रेघ एकदम उभी चढते. क्रोमिअम धातूला हे ५९८९ इलेक्ट्रॉनव्होल्टला होतं, लोहाला ७११२ला, तांब्याला ८९७९ला. बेलपाड्यातून कोकणकडा पाहिलायस? सपाटीवरून चालता चालता समोर भिंत. म्हणून 'शोषणकडा'.

खारघरची: काका, शब्द झकास आहे, पण अनेकवचन करून बघा. 'लोह आणि तांब्याचे शोषणकडे'. वाचणारा विचारेल, शोषणाकडे काय? बरं, 'कड' घेतली तर तिचं अनेकवचन 'कडा', म्हणजे तुमच्या एकवचनाशी टक्कर. बीमलाइनवर, म्हणजे सिंक्रोट्रॉनचे किरण जिथे नमुन्यापर्यंत आणतात तिथे, हा प्रश्नच येत नाही. इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर सगळे 'एज कुठे आला?' आणि 'फॉइल लावलीस ना?' एवढंच बोलतात.

ऐरोलीकर: फॉइल कशाला, ताई?

खारघरची: नमुन्याची पूड बोरॉन नायट्राइडमध्ये किंवा सेल्युलोजमध्ये घोटून, दाबून त्याची चकती करतात. तिच्यामागे त्याच मूलद्रव्याच्या शुद्ध धातूचा पातळ पत्रा लावतात. तीच फॉइल. ऊर्जा निवडणारे सिलिकॉनचे स्फटिक जरा जरी हलले तरी आकडा चुकतो. फॉइलचा कडा ५९८९ला बसवला की नमुन्याचा आकडा खरा धरता येतो. सगळा खेळ मोजक्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे, कारण ऑक्सिडीकरण वाढलं, म्हणजे क्रोमिअम-३चं क्रोमिअम-६ झालं, की कडा वर सरकतो.

मीठबंदर: दरड सरकते, कडा नाही! 'कड्याची जागा बदलते' असं लिही. अनेकवचनाचा मुद्दा मात्र मान्य. 'प्रत्येक मूलद्रव्याचा शोषणकडा वेगळा' असं एकवचनातच ठेव. 'शोषणकड्यांची तुलना' म्हटलं तरी घोटाळा होत नाही, अडतं फक्त 'कडे'पाशी.

ऐरोलीकर: आणि 'प्री-एज पीक'? क्रोमिअम-६ची ओळख तिथेच पटते म्हणे.

मीठबंदर: कड्यापुढे सुटा उभा असतो तो सुळका. 'कड्याआधीचा सुळका'. दुसरा शब्द शोधूच नकोस.

खारघरची: हा मलाही आवडला. क्रोमेटमध्ये, म्हणजे क्रोमिअम-६च्या संयुगात, क्रोमिअमभोवती चार ऑक्सिजन चतुष्फलकात असतात, म्हणून ५९९३च्या आसपास सुळका ठळक दिसतो. क्रोमिअम-३भोवती सहसा सहा ऑक्सिजन, अष्टफलकात. तिथे नुसता उंचवटा. ५९९३ हा आकडा ५९८९च्या पुढचा असूनही 'आधीचा' का, हे वाचक विचारतीलच. ५९८९ हा धातूचा कडा, संयुगांचा त्याहून वर असतो. एवढं एक वाक्य टाक.

आणि मथळ्यात 'क्रोमिअमचे शोषण' नको हं. कोणाला वाटेल मुळांनी क्रोमिअम शोषलं, कोणी मोर्चा काढेल. 'क्ष-किरणांचे शोषण' असं पूर्ण लिही.

ऐरोलीकर: मग हे वाक्य चालेल? "क्रोमिअम-६ असलेल्या मातीच्या आलेखात शोषणकड्याआधी ठळक सुळका दिसतो."

मीठबंदर: चालेल. पहिल्यांदा येईल तिथे 'शोषणकडा म्हणजेच ॲब्झॉर्प्शन एज' एवढं जोड. सिंक्रोट्रॉन आणि बीमलाइन आहेत तसेच राहू देत. 'किरणवाहिनी' वगैरे केलंस तर तुझी ही ताईच ओळखणार नाही.

खारघरची: नाहीच ओळखणार. मला ती ॲम्ब्युलन्स वाटेल.