इंदूरच्या मराठी अल्पसंख्याक शाळेवर कायदा केंद्राचा की राज्याचा?

प्रश्न (एक पालक, सुदामानगर)
नमस्कार. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला शिक्षण हक्क कायद्याखालील मोफत जागेवर प्रवेश मिळावा, म्हणून मी जवळच्या शाळेत चौकशीला गेलो होतो. "आमची संस्था मराठी भाषिक अल्पसंख्याकांची आहे, आम्हांला तो कायदा लागू नाही," असे कार्यालयात सांगण्यात आले. शाळा सीबीएसईची असल्याने राज्याचा फीचा कायदाही लागू नाही, असेही तिथल्या बाई म्हणाल्या. हे खरे आहे का?

उत्तर (वकील, राजवाडा)
पहिली गोष्ट खरी असू शकते. राज्यघटनेचे कलम ३० धार्मिक तसेच भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देते, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले. त्यामुळे पुण्यात बहुसंख्य असलेला मराठी समाज मध्य प्रदेशात अल्पसंख्याक ठरतो. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात घटनापीठाने २००९ चा शिक्षण हक्क कायदा अनुदानित व विनाअनुदानित अशा सर्वच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याविषयी शंका घेतली आहे, परंतु मोठ्या पीठाने तो फिरवला नाही तोवर तोच निर्णय चालेल. मात्र संस्था मराठी भाषकांनी स्थापन केली व तेच ती चालवतात, हे कागदावर दिसले पाहिजे.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका, लोकमान्यनगर)
दुसरी गोष्ट चूक आहे. सीबीएसई अभ्यासक्रमासाठी व परीक्षेसाठी संलग्नता देते, मान्यता राज्य शासनाची असते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले, तेव्हापासून एकाच शाळेवर केंद्र आणि राज्य दोघांचेही कायदे चालतात. मध्य प्रदेशाच्या २०१७ च्या फी-अधिनियमात मंडळ पाहून सूट नाही. १० टक्क्यांहून अधिक फीवाढीला सहसा शासकीय समितीची संमती लागते. एक विचारते, त्या शाळेत मराठी शिकवतात का? कलम ३० ची ढाल भाषा जगावी म्हणून मिळाली आहे, आणि गरिबाच्या लेकीला दारातून परत पाठवण्यासाठी ती वापरलेली पाहून मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. भिंतीवरच्या वेळापत्रकात तिसरीनंतर मराठीचा तास नव्हता. उद्या मान्यतापत्र आणि अल्पसंख्याक दर्जाचे कागद पाहायला मागतो, आणि मोफत जागांच्या सोडतीच्या अर्जात परिसरातल्या इतर दोन शाळांची नावेही घालतो.