नामिबिया: स्केलेटन कोस्टचा टप्पा आईसोबत जमेल का?

ऑगस्टमध्ये आम्ही पाचजण नामिबियाला जातोय: आम्ही दोघं, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांची आई. विंडहुक, सेसरीम, स्वाकोपमुंड इथली बुकिंग झाली आहेत. अडलंय पुढे. स्वाकोपमुंडहून हेंटीस बे, केप क्रॉसचे सील बघून उगाब गेटमधून स्केलेटन कोस्ट नॅशनल पार्कमध्ये शिरून स्प्रिंगबोकवासर गेटने बाहेर पडायचं आहे, तेही एका दिवसात. दुपारी ३ च्या आत गेटवर पोचावं लागतं आणि ट्रान्झिट परमिट (पार्कमधून नुसतं पार होण्याचा परवाना) तिथेच मिळतं, हे माहीत आहे.

गाडी टू-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, स्टेपनी एकच. गाडीवाल्यांना दोनदा विचारलं. एकदा म्हणाले "चालेल", दुसऱ्यांदा "फोर बाय फोर घ्या". त्यात आईच्या मणक्याचं दुखणं. खडीच्या रस्त्यावर तासभर हादरे बसले की तिला उठून उभं राहावंच लागतं. तिला स्वाकोपमुंडला मागे ठेवून जायचं नाही, हे नक्की.

हल्ली कोणी गेलं असेल तर सांगा: धुक्याने ओल्या झालेल्या मिठाच्या रस्त्यावर (किनाऱ्यालगतचा, मीठ घालून घट्ट केलेला कच्चा रस्ता) ही गाडी धरते का? टायरमध्ये हवा किती ठेवली होती? आणि हेंटीस बेला टाकी फुल केली, तर पुढचा पेट्रोल पंप थेट कुठे?